काळी गाडी आणि कोरडं फडकं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगून ठेवतो. जागा नसली तर कुठूनही कापा, पण कोरड्या फडक्याचा भाग तेवढा ठेवा म्हणजे झालं. दसरा-दिवाळी जवळ आली की पेपरात गाड्या चमकवून देणाऱ्यांच्या जाहिराती सुरू होतात, तासाभरात स्क्रॅच गायब, गाडी शोरूमसारखी वगैरे, आणि आमच्यासारखी माणसं ती वाचून पैसे घेऊन पोचतात. मी पण पोचलो होतो. वर लाजायची गोष्ट अशी की मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ३० वर्षं बफिंगचं, म्हणजे मशीनवर धातू घासून चमकवायचं काम केलंय, पितळ म्हणा, स्टील म्हणा, ॲल्युमिनियमचं कास्टिंग म्हणा, तोंड बघून भांग पाडावा असं फिनिशिंग आणून द्यायचो, आणि स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र येड्यासारखा फसलो.

गाडी काळी आहे. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. आमच्या मंडळींचं म्हणणं होतं पांढरी घ्या नाहीतर सिल्व्हर घ्या, काळी म्हणजे रोजची हमाली. पण काळ्याचा रुबाब वेगळाच, आणि पाडव्याला म्हशी घासूनपुसून शिंगं रंगवून रस्त्यावर आणणाऱ्या गावात काळ्या रंगाचं कौतुक कुणाला नसतं सांगा. तर घेतली. पहिले सहा महिने छान गेले. मग एकदा संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खायला गेलो, गाडी नेमकी खांबाच्या दिव्याखाली लागली, आणि परत येताना बघतो तर बॉनेटवर त्या दिव्याच्या भोवती देवाच्या मागं प्रभावळ असते तसं गोल गोल जाळं. कोळ्यानं विणल्यासारखं. हात फिरवला तर हाताला काहीच लागेना. दोन पावलं सरकलो तर जाळंपण माझ्याबरोबर सरकलं.

ह्याला स्वर्ल मार्क म्हणतात हे मला नंतर कळलं. पण ते दिसतं कसं हे कुणीही घरात बघू शकतो. जेवणाचं जुनं स्टीलचं ताट घ्या, वर्षानुवर्षं घासणीनं घासलेलं, आणि बल्बखाली धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती तशीच वर्तुळं दिसतील. खरं तर ओरखडे गोल नसतातच, ते आडवे, उभे, तिरपे, सगळ्या दिशेला असतात, पण उजेडाला आडवे जाणारे तेवढेच चमकतात, बाकीचे दडून राहतात, म्हणून डोळ्याला ते दिव्याभोवती फेर धरल्यासारखे दिसतात. पांढऱ्या गाडीवर पण एवढेच ओरखडे असतात बरं का, फक्त पांढऱ्यावर पांढरं दिसणार काय. काळ्यावर मात्र प्रत्येक बारीक चर उजेड उधळते आणि तरण्या माणसाचे केस अचानक पिकल्यासारखी गाडी दिसायला लागते. ढगाळ दिवसात काही नाही, सावलीत काही नाही, ऊन पडलं की लाज काढते.

आता हे ओरखडे येतात कुठून. गाडीच्या वरचा थर म्हणजे क्लिअर कोट, बिनरंगाचा, पारदर्शक. तो लोखंडासारखा नसतो, त्याच्यापेक्षा साधी वाळू कितीतरी कडक. आणि आपल्याकडं हवेत काय काय असतं ते बघा. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, सगळीकडं फाउंड्र्या, ओतकामाचे कारखाने, म्हणजे सिलिका सँडची बारीक धूळ आणि लोखंडाचे कण. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की काजळी, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते तीच गाडीवर पडते, आणि उसाच्या बगॅसच्या, म्हणजे चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते हे फाउंड्रीवाल्याला सांगायला नको. ही सगळी पावडर गाडीवर बसलेली असते आणि सकाळी आपण काय करतो, तर डिकीतनं पिवळं फडकं काढतो आणि कोरडंच फराफरा फिरवतो. साहेब, ह्याला आमच्या धंद्यात एमरी पेपर मारणं म्हणतात. वेगळं काही नाही. कागदाऐवजी फडकं आणि डिंकाऐवजी हाताचा जोर, एवढाच फरक.

जोतिबाला चैत्राच्या यात्रेला जाऊन आलो की गुलाल झटकायचा, कशानं, तर फडक्यानं. खंडेनवमीला गाडी पुजायची, बॉनेटवर झेंडूचा हार बांधायचा, तो सुतळीसकट दोन दिवस तसाच ठेवून पन्हाळ्याला जाऊन यायचं, वाऱ्यानं तो हार रस्ताभर बॉनेट घासत असतो. (पूजा करू नका असं म्हणत नाही, मी स्वतः नारळ फोडतो, पण हार घरी आलं की काढावा.) २०१९ च्या पुरानंतर तर गाळ वाळलेल्या गाड्या लोकांनी अशा खराट्यानं आणि पोत्यानं घासल्या होत्या की बघवत नव्हतं. माणसं घरं सावरत होती, तेव्हा गाडीचं कोण बघतंय, ते बरोबरच. पण आज नेहमीच्या दिवसात पण आपण तेच करतो. गवळी म्हशीला आधी भरपूर पाणी मारतो, चिखल भिजू देतो आणि मग घासतो. म्हशीला जी अक्कल लावतो ती दहा लाखाच्या गाडीला का लावत नाही.

असो. तर मी एका चमकवणाऱ्याकडं गेलो. नाव लिहीत नाही, तो पण पोट भरतोय. पोरगं मोठं गरगर फिरणारं मशीन घेऊन आलं, पांढरी क्रीम टाकली, भर्रकन दीड तासात सगळी गाडी उरकली, आणि खरं सांगतो, गाडी अशी निघाली की मी त्याला वर चहापाण्याचे दिले. दोन महिने गेले. सहा-सात वेळा धुतली असेल. आणि जाळं परत आलं, पहिल्यापेक्षा एक गोष्ट वाढवून, ऊन तिरपं पडलं की बॉनेटवर नागमोडी धुरकट पट्टे. ह्याला होलोग्राम म्हणतात, एकाच जाग्यावर गोल फिरणारं रोटरी मशीन कडक पॅड लावून घाईत चालवलं की हे उमटतात. आणि ओरखडे गेले कुठं होते? कुठंच नाही. त्या क्रीममध्ये भरणा होता, ग्लेझ म्हणतात त्याला, तो चरींमध्ये भरून बसला, चर भरली की उजेड उधळत नाही, गाडी आरसा. पाण्यानं पण हेच होतं, गाडी ओली असताना नवी दिसते आणि वाळली की म्हातारी. जुने ड्रायव्हर डिझेलचा हात मारायचे, त्याचं पण हेच, तेल चरीत बसलं की चमक, आणि वर तासाभरात पुन्हा सगळी धूळ चिकटून बसायची. माझी तक्रार भरणा केला म्हणून नाही. भरणा केलाय असं सांगून कमी पैसे घेतले असते तर मी आनंदानं दिले असते. 'काढून टाकले' म्हणाला तिथं चुकलं.

मग दिवाळीला भाचा आला. तो पुण्यात गाड्यांच्या पेंट शॉपला आहे. त्यानं मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर धरला आणि हसला. म्हटलं हसतोस काय, माझं बफिंगचं मशीन आहे अजून, कापडी बफ लावतो, लस्टर म्हणजे आमचा चमक आणायचा मसाला लावतो आणि घालवतो. तो म्हणाला, "मामा, हात जोडतो, ते मशीन काढू नका. तुम्ही पितळ बफ करत होता तेव्हा मटेरियल मिलिमीटरमध्ये होतं. हे मायक्रॉनमध्ये आहे."

कंपनीतनं आलेल्या गाडीचा सगळा रंग मिळून, प्रायमर धरून, साधारण १०० ते १५० मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला वरचा क्लिअर कोट ३५ ते ५० च्या आसपास. डोक्याचा केस ७० मायक्रॉन धरला तर हा थर केसापेक्षा पातळ झाला. आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणारा तोच आहे, तो पार गेला किंवा फार पातळ झाला की गाडीची साल निघायला लागते, जुन्या गाड्यांच्या टपावर पांढरे चट्टे बघितले असतील. हलका स्वर्ल मार्क काढायला एक-दोन मायक्रॉन पुरतात. म्हणजे काम होण्यासारखं आहे, पण पुंजी मोजकी आहे, दरवर्षी दिवाळीला उधळायची नाही.

शिरोलीला पावडर कोटिंग करणारा एक मित्र आहे, त्याच्याकडनं रंगाची जाडी मोजायचं मीटर आणलं. बॉनेट ११५, टप १२०, डिकी ११८, उजवी बाजू तशीच, आणि डावं मागचं दार २८०. म्हणजे दाराला बाहेर परत रंग मारलेला. गाडी विकताना मालकानं शपथेवर सांगितलं होतं एक टिकलीसुद्धा लागलेली नाही. बंपरवर मीटर चालत नाही, ते प्लास्टिक.

नंतर नखाची परीक्षा. ओरखड्यावरनं नख आडवं फिरवायचं, नख अडकलं तर तो चरा खोल, पॉलिशनं जाणार नाही, त्याच्या मागं लागून क्लिअर कोट खरवडायचा नाही. नख अडकत नाही ते सगळं स्वर्ल, ते जातं.

पहिला अर्धा दिवस तर नुसता धुण्यात गेला, मशीनला हातच लावू दिला नाही. आधी नुसतं पाणी, भरपूर, वरनं खाली, म्हणजे सुटी माती वाहून जाते. मग दोन बादल्या, एकीत गाडीचा शाम्पू, एकीत साधं पाणी, मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून माती सोडायची आणि मगच परत शाम्पूत. टप पहिला, दाराची खालची बाजू शेवटी, चाकांचं फडकं वेगळं. संध्याकाळी त्या साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघितला आणि गप्पच बसलो. तळाला बोटभर रेती. एरवी एकच बादली एकच स्पंज असतो तेव्हा ही सगळी रेती परत गाडीवरच फिरते ना.

धुवून झाल्यावर भाच्यानं पातळ कॅरीबॅग हातात घालायला लावली आणि बॉनेटवर बोटं फिरवायला सांगितली. उघड्या हाताला गुळगुळीत लागत होतं तेच पिशवीतनं रव्यासारखं खरखरीत. हे चिकटून बसलेले लोखंडाचे कण, फाउंड्रीचे, ब्रेकच्या धुळीचे. ते धुवून निघत नाहीत, त्याला क्ले बार लागतो, लहान पोरांच्या चिकणमातीसारखा, शाम्पूचं पाणी फवारून हलक्या हातानं सरकवायचा, कण त्यात रुतून येतात. मळला की घडी घालून आतली बाजू घ्यायची. खाली पडला तर फेकून द्यायचा, मग तो कितीही महाग असो, कारण त्याला लागलेली माती आता तुमच्या गाडीवर ओढली जाणार. मी एक तुकडा पाडला आणि पुसून वापरायला निघालो होतो, भाच्यानं हातातनं काढून घेतला. वय झालं की भाचे पण रागावतात.

मशीन ड्युअल ॲक्शन. म्हणजे पॅड गोल पण फिरतं आणि तेच थोडं इकडंतिकडं हेलकावतं पण, त्यामुळं एका जाग्यावर उष्णता साठत नाही आणि नवशिक्यालासुद्धा रंग जाळणं अवघड. माझ्या जुन्या बफिंग मशीनच्या मानानं खेळणंच वाटलं मला. रबर, काळं प्लास्टिक, दारांच्या कडा सगळीकडं मास्किंग टेप लावली, कारण कडेला आणि बॉडीच्या उठावदार रेषांवर रंग पातळ असतो आणि मशीन तिथंच जास्त चावतं. गाडी सावलीत, पत्रा गार.

आणि इथं माझ्या ३० वर्षांच्या कामाचं चीज झालं बघा, कारण तत्त्व तेच आहे. पॉलिश म्हणजे ओरखडे पुसणं नव्हेच. मोठे ओरखडे काढून त्याजागी त्याहून बारीक ओरखडे पाडणं, मग त्याहून बारीक, इतके बारीक की डोळ्याला दिसेनासे होतात. आम्ही १२० च्या पेपरवरनं थेट लस्टरवर कधी जात नव्हतो. फक्त इथं उलट्या बाजूनं सुरू करायचं. धातूला आम्ही भरड पेपरनं सुरुवात करायचो, गाडीला सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिशनं. दोन फूट बाय दोन फुटाचा एक चौकोन घ्यायचा, तिथं करून बघायचं, जाळं गेलं तर सगळ्या गाडीला तेच, नाही गेलं तरच जरा कडक पॅड. कमीत काम होत असलं तर जास्त कशाला. आमच्या बॉनेटला मऊ पॅडनं अर्धंच गेलं, मधलं पॅड लागलं, पण दारांना मऊच पुरलं. सगळ्या गाडीला एकच औषध लागू पडतं असं नाही.

पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, मशीन बंद असतानाच चौकोनभर टेकवून पसरायचे, नाहीतर भिंत रंगते. आमची रंगली. मग चालू करून अगदी सावकाश, सेकंदाला इंचभर, आधी आडवं मग उभं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवून, असे चार-पाच फेरे. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्कर पेननं एक रेघ मारून ठेवायची, रेघ फिरताना दिसली म्हणजे पॅड फिरतंय, रेघ थांबली म्हणजे तुम्ही जोर जास्त देताय आणि ते नुसतं थरथरतंय, काम शून्य. ही युक्ती मला फार आवडली. मी जोरच देत होतो, सवय जात नाही हो. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं झाडायचं, नाहीतर निघालेला रंगाचा चुरा आणि वाळलेली पॉलिश परत ओरखडे पाडते.

पूर्वीच्या अँबॅसिडर-पद्मिनीला पॉलिश मारलं की फडक्याला गाडीचा रंग यायचा आणि आम्ही म्हणायचो मळ निघाला. त्या गाड्यांना वर क्लिअर कोट नसायचा, रंगच निघायचा तो. आताच्या काळ्या गाडीच्या पॅडला काळं लागलं तर हात आखडायचा, म्हणजे क्लिअर कोटच्या खाली पोचलात, नाहीतर तो भाग बाहेर भलत्याच पद्धतीनं रंगवलेला आहे.

आता ज्या गोष्टीसाठी पत्र लिहायला घेतलं ती. चौकोन झाला, पुसला, चमकला. मी म्हटलं झालं. भाचा म्हणाला थांबा. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ केलेलं, दहा-पंधरा टक्के, ते फवारलं आणि स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसलं. त्यानं पॉलिशमधलं तेल, भरणा सगळं निघून जातं आणि खरा पृष्ठभाग उघडा पडतो. मग टॉर्च. गेलेत ते खरंच गेलेत, दडलेत ते लगेच बाहेर. पहिल्या चौकोनात आमचे थोडे बाहेर आले, परत केलं. तर माझं म्हणणं एवढंच आहे, वाचकांनी गाडी चमकवायला दिली तर पैसे द्यायच्या आधी एवढं मागा, अल्कोहोलनं बॉनेटचा एक तुकडा पुसून उन्हात दाखव म्हणावं. ज्यानं खरं काम केलंय तो हसत दाखवेल.

दोन रविवार गेले, कंबर गेली. मधल्या आठवड्यात गाडी पावसात भिजली ते वेगळंच. सगळे ओरखडे गेले नाहीत, टपावर चार-पाच खोल आहेत ते तसेच ठेवले, डाव्या दाराला फार छेडलंच नाही. वरनं साधं वॅक्स मारलं. सिरॅमिक कोटिंगचा पण विचार केला, त्याची जाहिरात ९एच हार्डनेस अशी असते आणि ऐकणाऱ्याला वाटतं हिऱ्याच्या जवळपास काहीतरी. ते ९एच पेन्सिलीच्या मापातलं आहे, आपण ड्रॉइंगला एचबी, २एच वापरायचो ना, तेच माप. कोटिंग चांगलंच असतं, पाणी टिकत नाही, धुवायला सोपं जातं, पण कोरडं फडकं मारलं तर त्याच्यावर पण जाळं पडणार. आणि आधी ओरखडे न काढता कोटिंग केलं तर ते काच लावून फ्रेम केल्यासारखे आत राहतात.

आमच्या अपार्टमेंटमध्ये एक पोरगा रोज पहाटे सगळ्या गाड्या पुसतो, महिना ४०० रुपये. चौदा गाड्या, एक बादली, एक फडकं, टायरपासून बॉनेटपर्यंत तेच. त्याचा दोष काही नाही, त्याला असंच शिकवलंय, आणि एखाद्या दिवशी नाही पुसली तर लोकच ओरडतात, मी पण ओरडलोय. त्याला सांगितलं, पैसे तेवढेच घे पण माझ्या गाडीला हात लावू नकोस. तो घाबरला. "काका, काय चुकलं काय माझं?" मग त्याला खाली बसवून टॉर्च लावून शेजारच्या काळ्या गाडीवरचं जाळं दाखवलं. बराच वेळ बघत होता. म्हणाला, मला वाटायचं कंपनीतनंच अशी डिझाईन येते.

आता रविवारी तो आणि मी मिळून करतो. पाणी फार लागत नाही, रिन्सलेस म्हणून एक औषध मिळतं, अर्ध्या बादलीत झाकणभर टाकायचं, आधी ते फवारून माती भिजू द्यायची, मग सहा-सात मायक्रोफायबरची फडकी त्यातच भिजवलेली, एका भागाला एक, मळलं की बाजूला टाकायचं, परत बादलीत नाही. गाडी चिखलानं भरलेली असली तर हे चालत नाही, तेव्हा पाइपच हवा. फडकी घरच्या कपड्यांबरोबर धुवायची नाहीत आणि कपडे मऊ करायचं औषध त्यात घालायचं नाही, ही जबाबदारी मंडळींनी माझ्यावरच टाकली आहे. बाकीच्या तेरा गाड्यांपैकी तिघांनी त्याला ओलं करूनच पूस म्हणून सांगितलंय, बाकीचे अजून मला म्हातारचळ लागल्यासारखं बघतात.

छापलंत तर त्या जाहिरातींच्या शेजारी छापा.

आपला,
एक जुना वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. : डाव्या दाराबद्दल गाडी विकणाऱ्याला फोन केला होता. तीनदा केला. उचलत नाही.